विजयनगरचा चार पायांचा मध्यस्थ

सकाळचे सहा वाजलेले असतात. म्हैसूरच्या विजयनगर वसाहतीत नंदिनी दुधाच्या केंद्रापुढे पिशव्यांचे क्रेट उतरू लागतात. घराघरांपुढे सडा पडतो, पांढऱ्या रांगोळीच्या रेषा उमटतात. बंगल्यांच्या लोखंडी फाटकांवर लावलेल्या कानडी पाट्या मात्र येणाऱ्याचे फारसे स्वागत करीत नाहीत. ‘नायी इदे, एच्चरिके!’ असे त्यांवर लिहिलेले असते. अर्थ सरळ आहे, ‘कुत्रा आहे, सांभाळा!’

पण थोड्याच वेळात तीच फाटके उघडतात. ज्याच्यापासून सांभाळायचे, तो स्वतःच मालकाला ओढत रस्त्यावर घेऊन येतो. कोपऱ्यावर दुसऱ्या घरातले कुत्रे भेटते. दोघे एकमेकांना हुंगतात, शेपट्या हलतात आणि दोऱ्यांची दुसरी टोके धरून उभ्या असलेल्या दोन माणसांना काहीतरी बोलणे भाग पडते. वर्षभर एकाच रस्त्यावर राहून ज्यांनी एकमेकांना साधा नमस्कार केलेला नसतो, ते विचारतात, ‘‘याचे नाव काय हो?’’

जी पाटी माणसांना दूर ठेवण्यासाठी लावली, तिच्यामागचा प्राणीच माणसांना जवळ आणतो, ही विजयनगरच्या सकाळची गंमत आहे.

आखीव रस्ते, बंद फाटके

म्हैसूर म्हटले की राजवाडा, दसरा, चामुंडीची टेकडी आणि मोगरा आठवतो. २०१४ साली शहराचे अधिकृत नाव मैसूरु झाले, तरी मराठी माणसाच्या तोंडी ते म्हैसूरच राहिले आहे. दादरहून निघणारी शरावती एक्स्प्रेस पुणे, मिरज, बेळगाव करीत इथे पोहोचते. येणारा प्रवासी राजवाडा आणि वृंदावन बाग पाहून परततो. शहराच्या पश्चिमेकडच्या विजयनगरात तो सहसा फिरकत नाही. फिरकलाच तर योगनरसिंह स्वामींच्या देवळापर्यंत. इंग्रजी नववर्षाच्या दिवशी तिथे लाडवांच्या प्रसादासाठी रांगा लागतात.

विजयनगर हे पाहण्याचे नव्हे, राहण्याचे ठिकाण आहे. शहराची आखणी करून वाढ करण्याची म्हैसूरची परंपरा जुनी. १९०३ सालीच इथे शहर सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले होते. पुढे त्याच परंपरेतून विजयनगरचे चार टप्पे उभे राहिले. सरळ रस्ते ‘मेन’, त्यांना छेदणारे ‘क्रॉस’, मधूनमधून उद्याने आणि उंच पाण्याची टाकी. एका बाजूला विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर, दुसरीकडे हिनकल आणि हेब्बाळ. हेब्बाळच्या औद्योगिक भागात संगणक कंपन्या आल्या, त्यांच्याबरोबर देशभरातली तरुण मंडळी आली आणि पाठोपाठ त्यांचे आईवडीलही.

अशा वसाहतीत हवा मोकळी मिळते, झाडे मिळतात, गाडी ठेवायला जागा मिळते. शेजार मात्र आपोआप मिळत नाही. वाड्यात किंवा चाळीत शेजार दारातच असे. नळावर, जिन्यात, गच्चीत वाळवण राखताना रोज गाठ पडे. जुन्या म्हैसुरातल्या घरांनाही पुढे ओटा असे. कानडीत त्याला ‘जगली’ म्हणतात. संध्याकाळी त्यावर बसले की येणारा-जाणारा दोन शब्द बोलून पुढे जाई. नव्या बंगल्यात ओट्याच्या जागी कुंपणाची भिंत आली, दारापुढे गाडी आली. माणूस घरातून गाडीत बसतो आणि गाडीतून कचेरीत उतरतो. त्याचे पाऊल रस्त्यावर पडतच नाही. मग शेजाऱ्याची ओळख व्हायची कुठे?

पहिला शब्द कुत्र्याचा

अशा एका घराची कल्पना करा. मुलगा आणि सून दोघेही हेब्बाळच्या कंपनीत. वडील मिरजेहून कायमचे राहायला आलेले, कारण पत्नीच्या निधनानंतर त्यांना तिथे एकटे ठेवणे मुलाला पटेना. घर प्रशस्त, सुनेचा स्वभाव चांगला, औषधपाण्याची ददात नाही. पण सकाळी साडेआठला दोघे बाहेर पडले की सायंकाळी सातपर्यंत आजोबांशी बोलणारे कोणी नाही. त्यांना कानडी येत नाही. गावी कट्ट्यावर तासभर गप्पा मारणारा माणूस इथे खिडकीतून रस्ता पाहत बसतो. बाहेर जाऊन करायचे तरी काय, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नसते.

नातवाच्या हट्टापायी घरात एक पिल्लू येते. त्याचे नाव मोती. नातू आठवडाभर हौसेने फिरवतो आणि मग जसे सगळीकडे होते तसेच होते. दोरी आजोबांच्या हातात येते. ते कुरकुरतात, पण मोतीला सकाळी सहाला आणि सायंकाळी पाचला बाहेर जायचेच असते. त्याला पाऊस कळत नाही की कंटाळा कळत नाही.

पहिल्याच दिवशी शाळेला निघालेला एक मुलगा थबकून विचारतो, ‘‘कच्चुत्ता?’’ आजोबांना वाटते, मुलगा हिंदीत ‘कुत्ता’ म्हणतो आहे. ते कौतुकाने मान हलवतात. मुलगा घाबरून मागे सरकतो, कारण त्याने विचारलेले असते, ‘‘चावतो का?’’ दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून अर्थ कळतो आणि मराठी आजोबांच्या कानडी शिक्षणाला सुरुवात होते. ‘नायी’ म्हणजे कुत्रा. ‘हेसरेनु?’ म्हणजे नाव काय. ‘बा’ म्हणजे ये. महिन्याभरात कोणी ‘‘तिंडी आय्ता?’’ म्हणजे न्याहारी झाली का, असे विचारले की आजोबा ‘‘आय्तु’’ म्हणून मोकळे होतात.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. परक्या माणसाशी एकदम बोलायला आपल्याला संकोच वाटतो. ‘‘तुम्ही कुठले? घरी कोण कोण असते?’’ असे कोणी रस्त्यात अडवून विचारले तर समोरचा सावध होईल. पण कुत्र्याबद्दल विचारणे हे भोचकपणाचे मानले जात नाही. प्रश्न कुत्र्याच्या वयाचा, जातीचा, खाण्याचा असतो, म्हणून उत्तर देणाऱ्यालाही अवघडल्यासारखे होत नाही. बोलणे नको असेल तर दोघेही हसून पुढे जाऊ शकतात. हवे असेल तर दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच रस्ता आणि तोच विषय तयार असतो.

हाइड पार्क ते पर्थ

हा केवळ प्राणिप्रेमी मंडळींचा समज नाही. संशोधकांनीही तो तपासून पाहिला आहे. लंडनच्या हाइड पार्कमध्ये पीटर मेसेंट यांनी कुत्र्यासह आणि कुत्र्याविना फिरणाऱ्यांची तुलना केली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, सोबत कुत्रा असलेल्यांकडे वळून पाहणारे आणि त्यांच्याशी बोलणारे लोक जास्त होते.

यावर कोणी म्हणेल की बागेत येणारे लोक निवांतच असतात आणि कुत्राही अंगचटीला जातो, मग बोलणे होणारच. म्हणून इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठाच्या जून मॅकनिकोलस आणि ग्लिन कॉलिस यांनी शिकवलेला, स्वतःहून कोणाजवळ न जाणारा कुत्रा बरोबर देऊन रोजच्या व्यवहारातल्या ठिकाणी निरीक्षण केले. तरीही कुत्रा सोबत असताना संवाद वाढले. पुढच्या प्रयोगात कुत्रा नेणाऱ्या माणसाला एकदा नीटनेटके आणि एकदा गबाळे कपडे दिले. कपड्यांचा परिणाम झाला, पण त्याहून कितीतरी मोठा परिणाम कुत्रा असण्या-नसण्याचा होता. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

बेलफास्टच्या डेबोरा वेल्स यांनी २००४ साली आणखी मजेदार तुलना मांडली. एकाच स्त्रीबरोबर कधी लॅब्रॅडॉरचे पिल्लू, कधी मोठा लॅब्रॅडॉर, कधी रॉटवायलर, कधी टेडी बेअर तर कधी झाडाची कुंडी दिली. लॅब्रॅडॉरने, विशेषतः पिल्लाने, लोकांना बोलते केले. रॉटवायलर पाहून अनेकांनी न बोलणेच पसंत केले. टेडी आणि कुंडीकडे लोकांनी टक लावून पाहिले, पण बोलणे फारसे झाले नाही.

चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्यांच्या बाबतीत तर याचे मोल फार मोठे आहे. लोक त्यांच्याकडे पाहणे टाळतात, काय बोलावे ते त्यांना सुचत नाही. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की मदतनीस कुत्रा बरोबर असला की येणारे-जाणारे अशा व्यक्तीकडे पाहून अधिक हसतात, अधिक बोलतात.

या भेटी ‘‘काय, कसे काय’’ यापलीकडे जातात का? ऑस्ट्रेलियातील पर्थ आणि अमेरिकेतील तीन शहरांत लिसा वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. प्राणी पाळणाऱ्यांची वस्तीतल्या लोकांशी ओळख होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असल्याचे तीत आढळले. प्राण्यामुळे ओळख झालेल्या माणसांकडून काही ना काही आधार मिळाल्याचे सुमारे ४० टक्के पालकांनी सांगितले. कोणी मन मोकळे करायला मिळाले, कोणी उपयोगी माहिती दिली, कोणी अडीअडचणीला धावून आले.

आतकूरचा काली, मुधोळचा शिकारी

माणसांना जोडणारा कुत्रा या भागाला नवा नाही. म्हैसूरहून बेंगळुरूला जाताना वड्यांसाठी प्रसिद्ध असलेले मद्दूर लागते. त्याच तालुक्यातील आतकूर गावी दहाव्या शतकातील एक शिलालेख सापडला. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा गंग मांडलिक दुसरा बूतुग यांनी चोळांवर विजय मिळवला, त्या लढाईत मणलेर नावाच्या वीराने पराक्रम गाजवला. ‘माग काय हवे ते’ असे म्हटल्यावर त्याने काली नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे रानडुकराशी झुंजताना काली आणि डुक्कर दोघेही मेले. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ देवळापुढे दगड उभारला गेला, जमीन नेमून दिली गेली आणि दगडाची पूजा केल्याशिवाय पुजाऱ्याने जेवू नये असा दंडक घातला गेला. डुकराशी झुंजणाऱ्या कुत्र्याचे चित्र कोरलेला हा दगड आता बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. राजा, वीर, पुजारी आणि गाव एका कुत्र्यामुळे कसे एकमेकांशी बांधले गेले, याची ती हजार वर्षांपूर्वीची नोंद आहे.

मराठी आणि कानडी माणसांना एकत्र अभिमान बाळगता येईल असाही एक कुत्रा आहे. उंच, सडपातळ, वाऱ्यासारखा धावणारा मुधोळ शिकारी कुत्रा. महाराष्ट्रात त्याला कारवान म्हणतात. आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात असलेले मुधोळ हे घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान होते. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोपासना केली. टपाल खात्याने २००५ साली भारतीय कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यात मुधोळलाही मान मिळाला. विजयनगरच्या रस्त्यावर कोणी मुधोळ घेऊन निघाला आणि समोरून मिरजेचे आजोबा आले, तर दोघांच्या गप्पांना भाषेची अडचण कितीशी पडणार?

शिवाय दत्ताच्या तसबिरीत पायाशी उभी असलेली चार कुत्री मराठी घरातले मूल लहानपणापासून पाहते. म्हैसुरात अवधूत दत्तपीठ आहे. गुरुवारी तिकडे निघालेला शेजारी भेटला, तर मोतीवरून निघालेला विषय दत्तावर जायला वेळ लागत नाही.

याच दोरीने भांडणेही बांधली जातात

अर्थात कुत्र्यामुळे मने जुळतातच असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ज्या रस्त्यावर ओळखी होतात, त्याच रस्त्यावर भांडणेही होतात. शेजारणीने घातलेल्या रांगोळीवर कुत्र्याने पाय वर केला, रात्रभर भुंकून कोणाच्या आजारी आईची झोपमोड केली, मोकळा सुटून एखाद्या मुलाच्या अंगावर धावला, की वर्षाची मैत्री एका दिवसात संपते. २०१५ आणि २०१६ च्या स्वच्छता सर्वेक्षणांत म्हैसूर देशात पहिले आले होते. अशा शहरात पदपथावरची घाण तशीच टाकून पुढे जाणाऱ्याला कोणी मित्र कसे मानील?

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न तर याहून नाजूक. एकाच रस्त्यावर एक बाई त्यांना रोज दूधभात घालतात आणि समोरचे गृहस्थ नातवाला एकटे बाहेर पाठवायला घाबरतात. दोघांचीही भावना खोटी नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे भीतीला हसून चालत नाही. मारून किंवा दूर सोडून प्रश्न सुटत नाही, कारण रिकाम्या जागी दुसरी कुत्री येतात. म्हणून २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी नसबंदी आणि लसीकरणावर भर दिला. खाऊ घालण्याची जागा जिने, प्रवेशद्वारे आणि मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर असावी आणि ती रहिवाशांनी मिळून ठरवावी, असेही त्यात सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नसबंदी व लसीकरण केलेली कुत्री, रेबीजची बाधा झालेली किंवा आक्रमक सोडून, मूळ ठिकाणी परत न्यावीत आणि नेमून दिलेल्या जागीच त्यांना खाऊ घालावे असा आदेश दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्री हलवून ती तिथे परत न सोडण्याचा आदेश आला.

नियम कागदावर असतात. जागा कुठली, वेळ कुठली, कुत्री पकडायला गाडी आली तर सोबत कोण जाणार, हे मात्र त्या रस्त्यावरच्या लोकांनाच एकत्र बसून ठरवावे लागते. दूधभात घालणाऱ्या बाई आणि घाबरलेले गृहस्थ एका टेबलापाशी बसले, तर तीही कुत्र्यामुळे झालेली ओळखच म्हणायची.

ओळख टिकवायची असेल तर

कुत्रा ओळख करून देतो, ती टिकवणे मात्र माणसाच्या हाती असते. त्यासाठी काही साध्या गोष्टी पुरेशा आहेत.

रस्त्यावर कुत्रा नेहमी दोरीनेच न्यावा. ‘‘तो काही करत नाही’’ हे मालकाचे वाक्य घाबरलेल्याला धीर देत नाही. दोरी आखडून बाजूला उभे राहणे देते. कागद किंवा पिशवी जवळ ठेवून घाण आपणच उचलावी. पशुवैद्याच्या सल्ल्याने रेबीजची लस वेळेवर द्यावी आणि ती दिली आहे हे शेजाऱ्यांना सहज बोलण्यात सांगावे.

मुलांना शिकवावे, की मालकाला विचारल्याशिवाय कुत्र्याला हात लावायचा नाही, खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही. चावा किंवा ओरखडा आल्यास जखम लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लसीचा क्रम पूर्ण करावा. हळद, चुना, तिखट लावत बसू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे, केवळ वृद्ध वडिलांना विरंगुळा हवा म्हणून घरात कुत्रा आणू नये. त्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे असते. खर्च, आजारपण, गावी जाताना त्याची सोय, ओढल्याने पडण्याची भीती, या सगळ्याचा विचार आधी करावा. वडिलांना तो हवा आहे का, हेही त्यांनाच विचारावे. घरात कुत्रा नसेल तरी बिघडत नाही. शेजारच्या कुत्र्याबरोबर एक फेरी मारायची तयारी दाखवली, तर दोन घरांची सोय होते.

‘‘ताता एल्लि?’’

पुन्हा त्या कल्पनेतल्या घराकडे येऊ. वर्ष उलटले आहे. शेजारच्या मुलांना आजोबांचे नाव ठाऊक नाही. त्यांच्या लेखी ते ‘मोती ताता’ आहेत. म्हैसूरकडे आजोबांना ताता म्हणतात. एके दिवशी आजोबांना ताप भरतो. मुलगा-सून कामावर गेलेले असतात. ‘जरा पडतो, बरे वाटेल’ असे म्हणून आजोबांनी त्यांना जाऊ दिलेले असते. सकाळी मोतीला सुनेने घाईत अंगणातच फिरवलेले असते.

पण रस्त्यावर कोणाच्या तरी ते लक्षात येते. दूध केंद्रावरचा माणूस म्हणतो, आज म्हातारा दिसला नाही. तिसऱ्या क्रॉसवरच्या निवृत्त शिक्षिका आपल्या कुत्र्याला घेऊन त्या फाटकापाशी थांबतात. आत मोती भुंकत असतो. फाटकावर पाटी असते, ‘नायी इदे, एच्चरिके!’ बाई ती वाचतही नाहीत. फाटक ढकलून हाक मारतात, ‘‘ताता एल्लि?’’ आजोबा कुठे आहेत?

वृद्धापकाळी माणसाला औषध, पैसा, चांगली खोली हवीच असते. त्याबरोबर आणखी एक गोष्ट हवी असते, आपण एक दिवस दिसलो नाही तर ते कोणाच्या तरी लक्षात यावे. मुलगा ते पैशाने विकत घेऊ शकत नाही. ते रोज त्याच वेळी त्याच रस्त्यावर चालल्याने, थांबल्याने, चार शब्द बोलल्यानेच मिळते. माणूस हे कुत्र्याविनाही करू शकतो. फक्त माणूस कंटाळा करतो, आणि कुत्रा करू देत नाही.

विजयनगरात उद्या सकाळी पुन्हा सहा वाजतील. रांगोळ्या उमटतील, फाटके करकरतील. कोणी नवा शेजारी कोपऱ्यावर संकोचून उभा असेल. त्याच्याशी काय बोलावे असा प्रश्न पडला, तर त्याच्या पायाशी पाहावे. तिथे शेपूट हलत असेल, तर पहिला शब्द बोलून झालेला आहे. दुसरा आपण बोलावा.